हिरव्या दिव्याचा क्लास

समोरचा बोलत असताना आपण खरंच ऐकतो का, हा प्रश्न नवराबायकोंपासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांनी एकमेकांना विचारून झाला होता. शेवटी त्याचं उत्तर एका यंत्राने द्यायला सुरुवात केली, आणि सहा महिन्यांच्या आत लातूरमध्ये त्याचे क्लासेस निघाले. यात नवल काही नाही. परीक्षा डॉक्टरकीची असो, पोलीस भरतीची असो की प्रामाणिकपणाची, कुणी ती घेणार असेल तर लातूर तिची तयारी करून घेणार.

पहिला आणि सगळ्यात मोठा क्लास कालिंदा बिडवेचा. खाली झेरॉक्सचं दुकान, वर तीन खोल्या आणि जिन्यावर चपलांचा ढीग. कालिंदा सत्तेचाळीस वर्षांची, उंच, खणखणीत आवाजाची. शाळेत असताना जिल्ह्यातली एकही वक्तृत्व स्पर्धा तिने सोडली नव्हती आणि फिरती ढाल दुसऱ्या शाळेला नेऊ दिली नव्हती. 'विज्ञान: शाप की वरदान' या विषयावर ती सकाळी एका गावात शाप सिद्ध करायची आणि दुपारी दुसऱ्या गावात वरदान. दोन्हीकडे पहिली यायची. आपलं खरं मत कोणतं, हे तिला तेव्हा कुणी विचारलं नाही आणि तिनेही स्वतःला विचारलं नाही.

यंत्राचं नाव कंठपट्टी. आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हा आवाज निघत नाही, पण स्वरयंत्राभोवतीचे आणि जिभेच्या मुळाशी असलेले स्नायू गप्प बसत नाहीत. मेंदूकडून त्यांना उच्चाराचे आदेश जातात आणि ते किंचित थरथरतात. ही थरथर विजेच्या अतिसूक्ष्म लहरींतून मोजता येते. एवढं जुनंच होतं. नवीन झालं ते असं, की एका प्रयोगशाळेने गळ्यातल्या या मुक्या बडबडीबरोबर कानामागच्या एका चकतीतून मेंदूची लयही मोजली. माणूस मन लावून ऐकतो तेव्हा त्याच्या मेंदूतल्या लहरी बोलणाऱ्याच्या शब्दांच्या चढउताराला धरून चालतात. तो उत्तर जुळवायला लागला की ती साथ सुटते, आणि त्याच क्षणी गळा हलायला लागतो. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच तुमची खोडून काढायची तयारी सुरू झाली, तर ते पट्टीला तुमच्याआधी कळतं.

पट्टी बांधलेल्या माणसासमोर एक दिवा ठेवायचा. ऐकत असेल तर हिरवा, जिंकण्यापुरतंच ऐकत असेल तर पिवळा, ऐकतच नसेल तर लाल. शोध लावणाऱ्यांनी या रंगांना आपल्या जुन्या तर्कशास्त्रातली नावं दिली होती. सत्य शोधण्यासाठी बोलणं तो वाद, जिंकण्यासाठी बोलणं तो जल्प, आणि स्वतःचं काहीही न मांडता दुसऱ्याचं फक्त पाडत सुटणं ती वितंडा. लोकांनी ही नावं दोन दिवसांत सोडून दिली आणि रंग तेवढे ठेवले. यंत्राला खरंखोटं कळत नाही, त्याला फक्त ऐकणं कळतं, हे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक छापलेलं होतं. ते पान कुणी वाचत नाही. लाल दिवा म्हणजे खोटारडा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मग सरकारने वादसभा आणल्या. रस्ता, धरण, कारखाना, कशावरूनही चार गावांत तंटा झाला की दोन्ही बाजूंनी एकेक वक्ता द्यायचा, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोनशे नागरिकांसमोर त्यांनी बोलायचं, आणि नागरिकांनी मत द्यायचं. दिवा एकूण तीन मिनिटं लाल राहिला की वक्ता बाद. जिल्ह्याजिल्ह्यात भले भले पुढारी पहिल्या पाच मिनिटांत बाद झाले. लोकांना एवढी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती.

कालिंदाने या यंत्रातली मेख बरोबर हेरली. गळा हलला की पट्टी ओळखते ना? मग हलू दे. पण त्यात शब्द समोरच्याचेच असू देत. तो बोलतो तेच, अर्ध्या शब्दाच्या अंतराने, मनात म्हणत राहायचं. लय जुळते, गळा जुळतो, दिवा हिरवाच. मधल्या सेकंदा-दीड सेकंदाच्या फटीत आपला मुद्दा पक्का करायचा. या युक्तीचं नाव तिने 'सावली' ठेवलं होतं. तीन महिन्यांचा कोर्स होता आणि प्रवेश पुढच्या वर्षापर्यंत भरले होते.

तक्रार एकच यायची, आणि ती फार चमत्कारिक होती. त्या गुरुवारी रेणुका स्वामी नावाची एक वकीलबाई तास संपल्यावर मागे थांबली.

"मॅडम, सावली छान जमते मला. पण काल काय झालं, समोरच्या वकिलांचं सगळं बोलणं मी मनात म्हणत गेले, दिवा हिरवागार. आणि उठून उभी राहिले तर माझा मुद्दाच आठवेना. त्यांचंच बरोबर वाटायला लागलं."

"सराव कमी पडतोय."

"घरी पण तसंच होतंय. सासूबाईंचं पटायला लागलंय."

"मग जास्तच कमी पडतोय," कालिंदा म्हणाली आणि तिला आणखी आठ तास लावून दिले.

ती वर्गातून बाहेर आली तर शेवटच्या बाकावर तिचा मोठा भाऊ बसलेला. व्यंकट हलगे, वय पंचावन्न, रुईपिंपरीचा द्राक्षबागायतदार, उन्हाने वाळून काटकुळा झालेला माणूस. शाळेच्या दिवसांत तिला मोटरसायकलवर मागे बसवून गावोगावच्या स्पर्धांना तोच न्यायचा, आणि दर वेळी असाच शेवटच्या रांगेत बसायचा. तिची ढाल परतीच्या वाटेवर पोटाशी धरून बसायला तिला सांगायचा, म्हणजे पडणार नाही.

"दादा, तू कधी आलास? फोन नाही काही नाही."

"फोनवर सांगायसारखं न्हाई," तो म्हणाला. "तेवीस तारखेला वादसभा हाय आपल्याकडची. बारा गावचे बोअर दोन वर्षं बंद करा म्हनूलालेत."

"कोण?"

"भूजलवाली एक डॉक्टरीन हाय, काझी. पोरगीच हाय, पर लई शिकलेली. म्हनती जमिनीतलं पानी संपूलालंय, त्याला भरू द्या. आमच्या बाजूनं कोन बोलनार म्हनल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तुझ्यामुळं." तो टोपी काढून गुडघ्यावर ठेवत म्हणाला, "सात एकर बाग हाय, कालिंदा. बारा वर्षाच्या वेली. दोन वर्षं पानी न्हाई म्हनल्यावर काय ऱ्हातंय? मी म्हातारपनी नव्यानं खड्डे खांदू का..."

"मी बोलते," कालिंदा म्हणाली. त्याचं वाक्य संपायच्या आधीच म्हणाली. पट्टी गळ्यात असती तर दिवा लालभडक झाला असता. पण दादाने आयुष्यात तिच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि ते तिला देता येण्यासारखं होतं. तिला इतका आनंद झाला की तिने जिन्यावरच मुद्दे मांडायला सुरुवात केली.

डॉ. काझींचा अहवाल एकशे साठ पानांचा होता. कालिंदाने तो दोन दिवसांत पिंजून काढला. शेवटी परिशिष्ट होतं, बारा गावांतल्या चारशे बारा बोअरांची यादी. गाव, गट नंबर, मालक, खोली. खोलीच्या रकान्यावरून ती बोट फिरवत गेली. दोनशे. एकशे नव्वद. दोनशे. एकशे पंचाण्णव. दोनशे. दोनशे. ती एकटीच हसत सुटली आणि तिने दादाला फोन लावला.

"दादा, तुझा बोअर किती फूट आहे?"

"कागदावर का जमिनीत?"

"जमिनीत."

"नऊशे वीस."

कायद्यात मर्यादा होती दोनशे फुटांची. म्हणून सर्वेक्षणाला पोरं आली तेव्हा बारा गावांनी, एकमेकांना न विचारता, एकच आकडा सांगितला होता. यात कुणाला फार मोठं खोटं बोललो असं वाटलंही नाही. सरकारी माणसाला सांगायचा आकडा वेगळा आणि बोअरच्या गाडीवाल्याला सांगायचा वेगळा, हे त्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि हा सांगायचा आकडा एका शहाण्या बाईने खरा धरून त्यावर एकशे साठ पानं लिहिली होती.

शिवलिंग नावाचा कालिंदाचा जुना विद्यार्थी बोअरच्या गाड्या चालवायचा. त्याच्या गाडीवर एक जाडजूड वही असायची. कुठे बोअर मारला, किती फुटाला मुरूम, किती फुटाला काळा दगड, कुठे लाल माती लागली, कुठे पाणी, शेवट किती. वही तो स्वतः घेऊन आला. कालिंदाने ती चाळली, शेजारच्या गावचे तीन बोअर निवडले आणि त्या तीन पानांच्या प्रती काढल्या. आपल्या गावाचं नाव नको. तीन पुरेत.

तिचं भाषण तिथेच तयार झालं. ज्यांना बोअर कुठे संपतो हे माहीत नाही, ते तुमचा बोअर बंद करायला निघालेत. एवढं एकच वाक्य. त्यानंतर तीन कागद हवेत फडकवायचे. अहवाल कोसळणार, काझी कोसळणार, बाग वाचणार. तिच्या अंगावर काटा आला. शाळेत ढाल मिळायच्या आदल्या दिवशी असंच व्हायचं.

वादसभा तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात होती. वधूपक्षाची खोली वक्त्यांना पट्ट्या बांधण्यासाठी दिलेली. आरशासमोर, जिथे एरवी नवरीच्या मुंडावळ्या बांधतात, तिथे एक तंत्रज्ञ डॉ. नाझनीन काझीच्या गळ्याला पट्टी बसवत होता. मुलगी तिशीची असेल. सुती सलवार कमीज, बुटांवर चिखल. सकाळी सकाळी कुठल्या तरी विहिरीत उतरून आली होती म्हणे.

"तुम्ही बिडवे मॅडम ना?" ती म्हणाली. "तुमचं खूप ऐकलंय. मला सभेत नीट बोलता येत नाही, आधीच सांगते. पण तुम्ही समोर आहात याचं मला बरं वाटलं."

"बरं वाटलं?"

"अहवाल तुम्ही नीट वाचला असेल. दुसरं कुणी वाचत नाही. त्यात कुठे चूक सापडली असेल तर सभेत नक्की सांगा. मी वर्षभर एका जागी अडकलेय."

अशी नरमाईने बोलणारी माणसं सगळ्यात बेरकी असतात, असं कालिंदाने मनात म्हटलं. तिची पट्टी आधीच बांधून झाली होती; तिच्या चाचणीच्या दिव्याने लगेच पिवळा रंग दाखवला. तंत्रज्ञाने आपलीच तार ढिली असेल म्हणून ती घट्ट केली.

अध्यक्ष होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. समोर दोनशे नागरिक, त्यांच्यामागे बारा गावचे शेतकरी, आणि सगळ्यात शेवटच्या रांगेत व्यंकट. पहिली पाळी काझींची. वीस मिनिटं. कालिंदाने डोळे तिच्यावर रोखले आणि सावली धरली.

"आपली जमीन थरांची आहे," नाझनीन म्हणाली. तिचा आवाज सुरुवातीला कापत होता. "फार पूर्वी लाव्हा आला, थंड झाला, त्यावर माती तयार झाली. मग पुन्हा लाव्हा आला आणि त्याखाली ती माती भाजून निघाली. हा लाल मातीचा थर आपल्या भागात तीनशे दहा फुटांच्या आसपास आहे. त्यातून पाणी खाली झिरपत नाही. त्याच्या वर साठतं ते दरवर्षीच्या पावसाचं. त्याच्या खालचं हजारो वर्षांपूर्वीचं, एकदा उपसलं की परत भरत नाही. आपले बोअर दोनशे फुटांच्या आतले आहेत. म्हणजे आपण वरचंच पाणी वापरतो."

त्याच्या वर साठतं ते दरवर्षीच्या पावसाचं, कालिंदाचा गळा आत म्हणत होता. दिवा हिरवा. दोनशे फूट हा आकडा आला तेव्हा मागच्या रांगांतले शेतकरी आपापल्या चपलांकडे बघत होते. कालिंदाला हसू आलं, ते तिने दाबलं.

"आता एक गोष्ट जी मला सुटलेली नाही," नाझनीन पुढे म्हणाली, आणि तिचा आवाज कापायचा थांबला. "गेल्या वर्षी पाऊस भरपूर झाला. दसऱ्याला विहिरी काठोकाठ होत्या. मोटर लावायची कुणाला गरजच नव्हती, विजेचे आकडे तेच सांगतात. तरी दीड महिन्यात पाणी चाळीस फूट उतरलं. कुणी उपसलं नाही, उन्हाने आटलं नाही, खाली झिरपणं शक्य नाही. मग ते गेलं कुठे? मला माहीत नाही. अहवालात मी उपसा हे कारण दिलंय, कारण दुसरं सापडलं नाही. ते चूक असू शकतं."

मग ते गेलं कुठे, कालिंदा मनात म्हणाली. मला माहीत नाही. तीस वर्षं स्पर्धा आणि व्यासपीठं गाजवली, पण हे वाक्य तिच्या गळ्यातून कधी गेलं नव्हतं. ते जाताना तिला विचित्र वाटलं. ते चूक असू शकतं, तिने म्हटलं. मग ते गेलं कुठे?

आणि तिला दिसलं.

वहीच्या तीन पानांवर, तिन्ही ठिकाणी, तीनशेच्या पुढेमागे शिवलिंगच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, लाल माती लागली. आणि त्याच्या खाली पुन्हा काळा दगड, सातशे, आठशे फुटांपर्यंत. भोकाच्या कडेने बसवतात तो लोखंडी पाइप, केसिंग, फक्त वरचे वीस फूट. बाकी सगळं नुसतं भोक. पाणी जिथून झिरपत नाही त्या थराला वरपासून खालपर्यंत सरळ भोक पाडलेलं, आणि असे किती बोअर. मोटर बंद असो की चालू, पावसाचं पाणी रात्रंदिवस त्या भोकातून खाली ओघळत होतं. माठाला कुणी तोंड लावत नव्हतं, तरी तो बुडातून गळत होता.

तिला सावलीचा विसर पडला. नाझनीनचं एकेक वाक्य ती आता नुसतीच ऐकत होती, कारण पुढच्या वाक्यात आणखी काय जुळतंय ते तिला हवं होतं. तिने दिव्याकडे पाहिलं तर तो हिरवा. मघापासून तिने काहीच म्हटलं नव्हतं आणि तो आपला आपण हिरवा होता. अशी मजा तिला एकाही ढालीने दिली नव्हती.

तिची पाळी आली. ती उठली. ते एक वाक्य जिभेवर तयार होतं आणि तीन कागद हातात होते. ती म्हणाली, "अध्यक्ष बाई, मला भाषणाच्या आधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचाय."

"विचारा."

"त्या लाल थराला भोक पडलं तर?"

"मग सगळंच जुळतं," नाझनीन पटकन म्हणाली. "पण भोक पडायला तीनशे दहाच्या खाली कुणी गेलं पाहिजे. बोअर तर दोनशे..." ती थांबली. तिने मागच्या रांगांकडे पाहिलं, मग कालिंदाकडे. "बोअर दोनशेच फुटांचे आहेत ना?"

कालिंदाने तीन कागद फडकवले नाहीत. ती व्यासपीठ ओलांडून गेली आणि तिने ते नाझनीनच्या हातात दिले. कार्यालयात कुजबुज उठली. नाझनीनने पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, आणि तिचा चेहरा असा उजळला की आपला अहवाल आत्ता या क्षणी मोडीत निघालाय हे तिच्या गावीही नसावं.

"सातशे ऐंशी. लाल माती तीनशे चारला. केसिंग किती?"

"वीस फूट."

"वीसच?" ती फळ्याकडे धावली आणि जमिनीचे थर काढून त्यातून एक उभी रेघ ओढली. "मग सगळे बोअर बंद करायची गरजच नाही. उथळ बोअर, विहिरी, सगळं चालू राहू दे. फक्त जे खोल आहेत त्यांना लाल थरापाशी सिमेंटचं बूच मारायचं. वरचं पाणी वरच राहील. माझा प्रस्ताव चुकीचा होता. मी तो मागे घेते." दोनशे नागरिकांपैकी निम्मे उभे राहून फळा बघत होते. "पण मॅडम, तीन भोकांनी चाळीस फूट पाणी जात नाही. शंभर तरी हवेत, आणि कुठे कुठे आहेत ते कळल्याशिवाय एकही बूच मारून उपयोग नाही. तुमच्याकडे तीनच आहेत का?"

ती हे विचारत असतानाच कालिंदाच्या समोरचा दिवा पिवळा झाला. सगळ्या सभेने तो पाहिला. वही तिच्या पिशवीत होती. वहीत सगळ्यांची नावं होती, आणि चौदाव्या पानावर, व्यंकट हलगे, रुईपिंपरी, नऊशे वीस. बूच मारलं की तो बोअर तीनशे फुटांचा होणार, आणि वरचं पाणी चढेपर्यंत सात एकर कोरडं पडणार. तीनच आहेत, एवढं म्हटलं की संपलं. तिने तोंड उघडलं. दिवा लाल झाला. तिला दादाला बुडवता येईना आणि या मुलीला फसवताही येईना. अठरा सेकंद ती तशीच उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा व्यासपीठावर तिला शब्द सापडला नाही.

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

व्यंकट उभा राहिला होता. इतक्या वर्षांत कुठल्याही सभागृहात त्याने उभं राहून तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"ती अडकली म्हनल्यावर मी सांगतो," तो म्हणाला. "व्यंकट हलगे. रुईपिंपरी, गट नंबर एकशे चौदा. नऊशे वीस फूट."

"दादा, बस खाली," कालिंदा म्हणाली.

"हे नोंदलं जातंय, बरं का," अध्यक्ष बाई म्हणाल्या. "तुम्हाला कळतंय ना?"

"नोंदवा की. त्याच्यासाठीच सांगूलालो. लाल माती तीनशे बाराला लागली होती, मी सोता उभा होतो तिथं."

कार्यालयात सगळ्यांना दोनच गोष्टी दिसत होत्या, उभा असलेला व्यंकट आणि व्यासपीठावर डोळे पुसणारी त्याची बहीण. मग डावीकडून एक म्हातारा उठला, काठी सावरत. "आमचा सहाशे साठ." त्याच्यामागून एक बाई, "आमचे दोन हायत. सातशे दहा आन् आठशे." मग कुणी पाळी बघितली नाही. साडेपाचशे. नऊशे. आठशे चाळीस, पण कोरडा गेला, तसाच उघडा हाय. लोक खुर्च्या ओलांडून पुढे येत होते, गट नंबर ओरडून सांगत होते, एकमेकांचे आकडे दुरुस्त करत होते. तुझा सातशेचा न्हाई, साडेसातशेचा हाय, मी होतो की तिथं. कालिंदाने पिशवीतून वही काढली आणि नाझनीनने नकाशा सरळ जमिनीवर पसरला. एक जण वाचत होती, दुसरी ठिपके देत होती, आणि भोवती तीनशे माणसं वाकली होती. दिव्यांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. दोन्ही वक्त्यांच्या पट्ट्या केव्हाच निघाल्या होत्या.

एकशे एकोणचाळीस ठिपके पडले. नाझनीन मांडी घालून बसली आणि हिशेब करायला लागली. अध्यक्ष बाईंनी मतदानाची आठवण दोनदा करून दिली आणि मग त्याही चष्मा लावून खाली बसल्या.

कालिंदा भावाजवळ गेली. "बाग जाईल, दादा," एवढंच ती म्हणाली.

"जाईल का ऱ्हाईल, ते अजून कुनाला माहीत हाय?" व्यंकट म्हणाला. तो नाझनीनसमोर उकिडवा बसला. "ताई, वेल पान्याशिवाय किती दिस तग धरती ते मी सांगतो. पानी वर चढायला किती दिस लागतेत ते तुमी सांगा."

"सगळी बुचं या उन्हाळ्यात बसली, तर चौदा महिने," नाझनीन म्हणाली. "त्याच्या आत नाही."

व्यंकटने बोटांवर महिने मोजले. छाटणी कमी करायची, घड धरू द्यायचे नाहीत, मुळी तेवढी ओली ठेवायची. दोनदा मोजले. "बारा," तो म्हणाला. "त्याच्यापुढं न्हाई."

"म्हणजे दोन महिने कमी पडतात," कालिंदा म्हणाली.

"पडूलालेत."

नाझनीनने नकाशावरच्या एकशे चौदा नंबरवर पेन्सिल टेकवली, मग उताराच्या वरच्या अंगाचे ठिपके बघितले आणि कपाळाला आठी घातली. ही वरची बुचं आधी मारली तर, असं काहीतरी कालिंदालाही त्याच ठिपक्यांत दिसायला लागलं होतं, आणि ते नाझनीनला पटणार नाही असं तिला वाटत होतं. व्यंकटने टोपी काढून बाजूला ठेवली आणि बहिणीला हाताने खाली बसायची खूण केली.

"दोनच महिन्याचा प्रश्न हाय," तो म्हणाला. "बस इथं. आता भांडू."